‘फ्रेंड्स’ दाखवणाऱ्यांना आणि मराठीत आणू पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ओटीटी मंचांचे कार्यक्रम विभाग,
तसेच सबटायटल्स आणि डबिंग करणारे स्टुडिओ

विषय: चित्राची चौकट, शेवटचा प्रसंग, हशा आणि ‘तू-तुम्ही’

महोदय, महोदया,

सहा मित्रमैत्रिणींची ‘फ्रेंड्स’ ही विनोदी मालिका २२ सप्टेंबर १९९४ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ६ मे २००४ला संपली. दहा पर्वे, २३६ भाग. ती चांगली की सामान्य, रॉस बरोबर की रेचल, हे वाद ज्याचे त्याने घालावेत. आमची तक्रार वेगळी आहे. सहा जणांच्या या गोष्टीत कोण कुणाच्या किती जवळ आहे हे संवादांतून थोडेच कळते. कोण कुठे बसले आहे, कोण गप्प आहे, हशा कधी उठला आणि किती टिकला, यातून ते जास्त कळते. तुमच्या हातून पडद्यावर येईपर्यंत संवाद तेवढे धड राहतात, बाकीच्याची हेळसांड होते. ती कुठे होते आणि कशी थांबवता येईल, एवढ्यापुरतेच हे पत्र.

आधी चौकट. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, पण दाखवायची होती तेव्हाच्या चौकोनी टीव्हीवर, म्हणजे रुंदी-उंचीच्या ४:३ प्रमाणात. बरबँकमधल्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत तीन भिंतींचा सेट, समोर सुमारे ३०० प्रेक्षक आणि एकाच वेळी चालणारे अनेक कॅमेरे, अशी नाटकासारखी मांडणी. २०१२मध्ये ब्लू-रे निघाली तेव्हा मूळ फिल्मवरून १६:९ प्रमाणाची नवी प्रत तयार झाली. ओटीटीवर दिसते ती हीच रुंद प्रत. फिल्मच्या दोन्ही कडांना चित्रित झालेला, पण टीव्हीवर कधीच न दाखवलेला भाग होता, तो तिथे उघडा केला आणि वरखाली थोडे छाटले.

म्हणजे जास्त दिसते, मग बिघडले कुठे? एक बिघाड सगळ्यांना ठाऊक आहे. काही दृश्यांत कडेला मूळ कलाकाराऐवजी त्याच्या जागी उभी केलेली बदली व्यक्ती दिसते, कारण ती कड कुणी पाहणार हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. हा गमतीचा भाग म्हणून सोडून देता येईल. दुसरा बिघाड चटकन लक्षात येत नाही आणि तो जास्त वाईट आहे. ४:३च्या चौकटीत दोन माणसे बसवली की चौकट भरते, दोघांना एकमेकांवाचून जागाच उरत नाही. तेच दृश्य दोन्ही बाजूंनी मोकळे केले की त्या दोघांच्या आजूबाजूला स्वयंपाकघराचा ओटा, दिवा, रिकामी खुर्ची येते. माणसे तिथेच असतात, जवळीक पातळ होते. दुसऱ्या पर्वाच्या चौदाव्या भागात जुनी व्हिडिओ टेप पाहून झाल्यावर रेचल उठते, एक शब्द न बोलता रॉसपर्यंत चालत जाते आणि त्याचे चुंबन घेते. त्या चार पावलांत संवाद नाही, फक्त अंतर कमी होत जाते. ते अंतर मोजण्याची पट्टी म्हणजे चौकट, आणि नेमकी तीच तुम्ही बदलता.

‘फ्रेंड्स’चे नशीब तरी बरे, कारण तिच्या फिल्मला कडा होत्या आणि त्या उघडता आल्या. जिथे ४:३च्या चित्राचेच वरखाली कापून १६:९ करतात तिथे उंचीचा चौथा हिस्सा जातो. हिशेब सरळ आहे: १.३३ भागिले १.७८ म्हणजे पाऊण. ‘साइनफेल्ड’ ही अमेरिकी विनोदी मालिका ऑक्टोबर २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा तिचेही वरखालचे चित्र छाटलेले होते. रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात जॉर्ज खाली बघून खड्ड्याबद्दल बोलतो आणि खड्डा चौकटीबाहेर! विनोदाचा विषयच कापला गेला.

उपाय नवा शोधायला नको. ‘द सिम्पसन्स’ ही कार्टून मालिका नोव्हेंबर २०१९मध्ये डिस्ने प्लसवर अशीच कापून आली, लोकांनी ओरड केली आणि मे २०२०मध्ये मूळ प्रमाणात पाहण्याचे बटण मिळाले. दोन प्रती ठेवायच्या आणि निवड प्रेक्षकावर सोडायची. बाजूच्या काळ्या पट्ट्यांना प्रेक्षक घाबरतो हा समज आता सोडा. फोन आडवा धरला काय, उभा धरला काय, कुठे ना कुठे काळी पट्टी असतेच.

भाग कोणत्या लांबीचा आहे हेही कुठे लिहिलेले नसते. टीव्हीवरचा भाग साधारण २२ मिनिटांचा. अमेरिकेतल्या डीव्हीडींवर पुष्कळ भागांच्या वाढीव प्रती आल्या, त्यांत जास्तीचे संवाद होते. ब्लू-रेसाठी पुन्हा टीव्हीवरचीच प्रत घेतली. त्यामुळे डीव्हीडीवर वाढलेल्या प्रेक्षकाला ओटीटीवर वाक्ये गळल्यासारखी वाटतात. गळलेली नाहीत, ती मूळ प्रक्षेपणात नव्हतीच. माहितीच्या पानावर ‘प्रक्षेपित प्रत’ एवढे दोन शब्द टाकले तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

आता ‘पुढचा भाग पाच सेकंदांत’. या मालिकेची घडण अशी: आधी एक छोटा प्रसंग, मग शीर्षकगीत, मग मुख्य भाग आणि शेवटी एक छोटे शेपूट. श्रेयनामावली पुष्कळदा या शेपटावरूनच सरकते. तुमच्या यंत्राला नावे दिसली की ते भाग संपला असे धरते, चित्र कोपऱ्यात ढकलते आणि पुढचा भाग सुरू करते. पाचव्या पर्वाचा चौदावा भाग घ्या. मोनिका-चँडलरचे गुपित फीबीला कळते, डावावर डाव होतात, शेवटी प्रेमाची कबुली होते. आणि अगदी शेवटच्या तुकड्यात समोरच्या इमारतीत जागा बघायला गेलेल्या रॉसला खिडकीतून आपली बहीण आणि आपला मित्र दिसतात. तो तुकडा गेला तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला रॉस एवढा का तापलाय ते नव्या प्रेक्षकाला कळणार नाही. दुरुस्ती सोपी आहे. स्वयंचलित उडीची खूण नावे सुरू होण्याच्या क्षणाला न लावता भागाच्या शेवटच्या चित्रचौकटीला लावा. हे यंत्रावर सोडू नका. २३६ भागांच्या खुणा एका माणसाने हाताने लावल्या तर आठवड्याभराचे काम आहे.

शीर्षकगीत गाळण्याच्या बटणावर आमचा फारसा राग नाही. गाण्यातल्या चार टाळ्या ऐकायच्या की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. फक्त सहाव्या पर्वाचा पहिला भाग अपवाद ठेवा. मोनिकाचे काम करणाऱ्या कोर्टनी कॉक्सने १९९९मध्ये लग्न करून नावापुढे ‘आर्केट’ लावले, तेव्हा थट्टा म्हणून त्या भागात सगळ्याच कलाकारांच्या नावापुढे ‘आर्केट’ लावले होते. तिथे विनोद शीर्षकांतच आहे.

हशाबद्दल थोडे सविस्तर, कारण या मालिकेवरचा नेहमीचा आक्षेप हाच: पाठीमागचे हसू खोटे. प्रेक्षक खरे होते. संकलनात हशा कमीजास्त केला जातो हे खरे, पण नट थांबतात ते समोरच्या माणसांसाठी. तो थांबा अभिनयाचा भाग आहे. हशा काढून टाकला की तिथे दोन-तीन सेकंदांचे भगदाड पडते आणि चांगलेभले पात्र वेड्यासारखे टक लावून बघताना दिसते. चौथ्या पर्वाच्या शेवटी लंडनमध्ये, रॉसच्या लग्नाच्या भागात, चँडलरच्या अंथरुणातून मोनिका बाहेर येते तेव्हा प्रेक्षागृहात जो कल्ला झाला तो ऐका. लेखकांच्या मनात तो एका रात्रीचा मामला होता. त्या आवाजाने त्यांना पुढे विचार करायला लावला आणि मालिकेतले सगळ्यात भरवशाचे जोडपे तिथून उभे राहिले. (रेचल-जोईला असा कल्ला कधी मिळाला नाही, आणि ते प्रकरण का फसले याचे उत्तरही बहुधा तिथेच आहे.) म्हणून ‘संवाद स्पष्ट करा’ छापाच्या ज्या सोयी मागचा आवाज दाबतात त्या या प्रकारच्या मालिकांना आपोआप लागू नसाव्यात.

डबिंगमध्ये हे प्रकरण जास्त अवघड आहे. हशा संवादांच्याच ट्रॅकमध्ये मिसळलेला असेल तर मूळ संवाद काढताना तोही जातो. मग स्टुडिओ साठवणीतला हशा चिकटवतात: सगळ्या विनोदांना एकच माप, एकच लांबी. हात घालण्यापूर्वी निर्मात्यांकडून वेगळा ट्रॅक मिळतो का ते लेखी विचारा. नसेल मिळत तर डबिंग करू नका, सबटायटल्स द्या. निकृष्ट डबिंगपेक्षा चांगली सबटायटल्स केव्हाही परवडली.

आणि मराठी सबटायटल्स करायला घ्याल तेव्हा खालच्या गोष्टी डोक्यात असू द्या.

प्रचलित मापे अशी: एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीला सुमारे ४२ अक्षरे, एक सबटायटल सात सेकंदांपेक्षा जास्त नाही. ही मापे रोमन लिपीच्या सवयीतून आली आहेत. संगणक देवनागरी मोजतो तेव्हा प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्त वेगळे धरतो. ‘स्त्री’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर, संगणकाला सहा. म्हणून ‘ओळ लांब झाली’ असा लाल इशारा आला की भाषांतरकार वाक्य छाटतो, आणि छाटताना पहिला बळी ‘च’, ‘ना’, ‘तरी’, ‘की’ यांचा जातो. मराठीतला खवचटपणा तर यांच्यातच राहतो. चँडलरची लकब घ्या. तो इंग्रजीत बिनमहत्त्वाच्या सहायक क्रियापदावर जोर देतो. ते क्रियापद मराठीत आणून काही उपयोग नाही. जोई त्याची नक्कल करताना म्हणतो ते वाक्य पाहा: ‘याहून जास्त कपडे मी घालू तरी शकलो असतो का?’ यातल्या ‘तरी’वर तो जोर बसतो. इशाऱ्याला भिऊन ‘तरी’ काढलेत तर चँडलर गेला.

दुसरे, विनोदाचा शेवटचा शब्द पडद्यावर तोंडाच्या आधी येता कामा नये. इंग्रजी वाक्य पुष्कळदा नामावर संपते आणि हशा तिथे उठतो. मराठी वाक्य ‘आहे’ किंवा ‘नाही’वर संपते, त्यामुळे हशाचा शब्द मध्येच येऊन जातो आणि प्रेक्षक वाचून आधीच हसून मोकळा होतो. बोलीत आपण क्रियापदानंतरही शब्द टाकतो, ती सवलत वापरा. जोई आपले खाणे कुणाला देत नाही, त्याचे ‘जोई अन्न वाटून घेत नाही’ करणे म्हणजे पाठ्यपुस्तक झाले. ‘जोई ताटातलं देत नाही. कुणालाच!’ हे दोन तुकड्यांत द्या, दुसरा तुकडा तो बोलेल तेव्हा.

कधी मराठीची रचना मूळापेक्षा सरस ठरते. त्याच पाचव्या पर्वाच्या चौदाव्या भागात फीबीचे ते कुणाला काय माहीत आहे याबद्दलचे गरगरते वाक्य आहे. इंग्रजीत नकार सुरुवातीलाच येतो आणि पुढे नुसती माळ लागते. मराठीत उलट होते:

आपल्याला माहितीय हे त्यांना माहितीय हे
आपल्याला माहितीय हे त्यांना माहीतच नाही!

संगणकाच्या मोजणीने, मोकळ्या जागा धरून, पहिली ओळ ३८ आणि दुसरी ४०. बसते. आणि ‘नाही’ नेमका शेवटी, हशाच्या तोंडावर पडतो. इथे शब्दरचना ‘सोपी’ करायला जाऊ नका. ती समजायला जड असणे हाच विनोद आहे.

तिसरा मुद्दा ‘ब्रेक’चा. तिसऱ्या पर्वाच्या पंधराव्या आणि सोळाव्या भागांत, फेब्रुवारी १९९७मध्ये, रॉस-रेचलचे भांडण होते आणि पुढची सात पर्वे रॉस ‘आपण ब्रेकवर होतो’ म्हणून ओरडत राहतो. अख्खा वाद त्या एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभा आहे. ‘आपण वेगळे झालो होतो’ असे लिहिलेत तर तुम्ही रॉसच्या बाजूने निकाल दिला. ‘आपण थोडे दिवस थांबलो होतो’ लिहिलेत तर रेचल जिंकली. भाषांतरकाराने न्यायाधीश होऊ नये. ‘ब्रेक’ हा शब्द मराठीत रुळला आहे, आणि तोही तसाच निसरडा आहे. तो जसाच्या तसा ठेवा आणि सगळीकडे तोच ठेवा. एका भागात ‘ब्रेक’ आणि पुढच्या पर्वात ‘ब्रेकअप’ झाला की सात पर्वांचा विनोद वाया. यासाठी पर्वनिहाय वेगवेगळ्या माणसांना काम वाटण्याआधी दहाही पर्वांचा एकच शब्दसंग्रह करा. चौथ्या पर्वाच्या बाराव्या भागातल्या प्रश्नमंजूषेत चँडलरचा व्यवसाय काय हे मुलींना सांगता येत नाही, रेचल घाईत एक नसलेलाच शब्द ठोकून देते आणि त्यापायी पैजेवर लावलेले घर जाते. तिथेही अर्थपूर्ण मराठी शब्द देऊ नका. तोंडात आला म्हणून बोललेला, खरा वाटणारा पण नसलेला शब्द बनवा.

चौथा मुद्दा इंग्रजीत अस्तित्वातच नाही, त्यामुळे मूळ लेखक मदतीला येणार नाहीत: तू, तुम्ही, अहो. सहा जण एकमेकांना ‘तू’ म्हणणार, यात वाद नाही. चँडलर-मोनिका लग्नानंतरही ‘तू’च राहतील. लग्न होताच तिच्या तोंडी ‘अहो’ आले तर ती मोनिका नव्हे. खरी परीक्षा रिचर्डची. तो मोनिकापेक्षा २१ वर्षांनी मोठा, तिच्या वडिलांचा मित्र, डोळ्यांचा डॉक्टर, तिला लहानपणापासून ओळखणारा. दुसऱ्या पर्वाच्या पंधराव्या भागात ती त्याच्या पार्टीचे जेवण करायला जाते तेव्हा तो तिच्यासाठी ‘डॉक्टर’ आहे, म्हणजे ‘तुम्ही’. त्याच भागात दोघे जवळ येतात. ‘तुम्ही’चे ‘तू’ कोणत्या वाक्याला होणार? पहिल्या चुंबनाआधी केलेत तर गुपित फोडले, पुढच्या भागापर्यंत लांबवलेत तर ती चोरटी वाटेल. चुंबनानंतरच्या पहिल्याच वाक्यात एकदा ‘तुम्ही’ निसटावे, अडखळावे आणि मग ‘तू’ यावे, असे आमचे मत. मराठीला फुकट मिळालेला प्रसंग आहे हा, घालवू नका. प्रत्येक जोडीसाठी कोण कुणाला काय म्हणते आणि ते कोणत्या भागात बदलते, असा एक पानाचा तक्ता करून तो प्रत्येक भाषांतरकाराच्या हाती द्या.

भागांची नावे तेवढी सोपी. इंग्रजीत ती ‘तो भाग, ज्यात अमुक होते’ अशी आहेत, कारण माणूस दुसऱ्या दिवशी मित्राला भाग असाच सांगतो. ‘ज्यात कुणीच तयार होत नाही’, झाले. ‘सज्जतेचा अभाव’ वगैरे नको.

राहता राहिली कात्री. मालिकेतले काही विनोद आज खटकतात, आम्हालाही. जाड्या मोनिकेवरचे, चँडलरच्या वडिलांवरचे. मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या मार्टा कॉफमनने स्वतः २०२२मध्ये मालिकेतल्या वैविध्याच्या अभावाबद्दल खेद जाहीरपणे व्यक्त केला. खेद तिने व्यक्त केला, भाग कापले नाहीत. निर्मात्यांनी प्रक्षेपणाआधी बदल केल्याचेही उदाहरण आहे. आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात विमानतळावर बॉम्बच्या विनोदावरून चँडलर-मोनिका अडकतात असे कथानक होते. ११ सप्टेंबर २००१नंतर त्यांनी तो भाग काढून नवे प्रसंग चित्रित केले. तो त्यांचा अधिकार आणि त्यांची कारागिरी. परक्या कात्रीने मात्र गोष्टच मोडते. जानेवारी १९९६मध्ये रॉसची पहिली बायको कॅरल आणि तिची जोडीदार सुझन यांच्या लग्नाचा भाग अमेरिकेतल्या दोन स्थानिक वाहिन्यांनी दाखवला नाही. २०२२मध्ये चीनमधल्या मंचांवर आलेल्या प्रतीत कॅरल समलिंगी असल्याचे उल्लेख काढले गेले. आता विचार करा: रॉसचा संसार का मोडला, हे पहिल्याच भागात कळले नाही तर तो पुढे प्रत्येक नात्यात एवढा धास्तावलेला का, याचा पत्ता कसा लागणार? कुठे कापावेच लागले तर भागाच्या सुरुवातीला तसे लिहा, किती सेकंद आणि कोणत्या मिनिटाला तेही लिहा. गुपचूप कापू नका.

सगळे एकदम जमणार नसेल तर आधी शेवटच्या तुकड्यांच्या खुणा दुरुस्त करा, त्याला पैसा लागत नाही. मग मूळ चौकटीचे बटण. मराठी सबटायटल्सची पहिली चाचणी तिसऱ्या पर्वाच्या सोळाव्या भागावर घ्या. बाहेर रॉस-रेचल रात्रभर भांडत आहेत आणि आत मोनिकाच्या खोलीत चौघे अडकून पडले आहेत, बाहेर यायची सोय नाही, भुकेने केस काढायचे मेण खायची वेळ आली आहे. एकाच प्रसंगात रडू आणि हसू असे आळीपाळीने येते. चाचणी पाहणाऱ्यांत इंग्रजी न येणारे निदान पाच जण बसवा. आतल्या चौघांवर ते हसले आणि बाहेरचे भांडण परत दिसताच पुन्हा गप्प झाले, तर पुढच्या भागाला हात घाला. दोन्हीकडे सारखेच हसले तर फाइल परत पाठवा.

आपले,
ही मालिका बारकाईने पाहणारे काही मराठी प्रेक्षक